डिजिटल कचेरीतील वाढीचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय दिला तो ‘छोट्या डिजिटल कचेरीतील जीवन आणि वाढ’ असा. कामगार चळवळीतल्या माणसाने या विषयावर का बोलावे, असे काहींना वाटेल. कारण साधे आहे. या सभागृहात बसलेल्या किती तरी आईबापांची मुले आणि मुली अशा कचेऱ्यांत काम करतात. आणि मुलगा नेमके काय करतो असे शेजाऱ्याने विचारले, तर ‘कॉम्प्युटरवर जाहिरातीचे काहीतरी असते’ यापलीकडे त्यांना सांगता येत नाही. मुलगा रात्री दहा-अकराला घरी येतो, जेवतानाही फोन बाजूला ठेवत नाही, दीड वर्षात त्याचा हुद्दा दोनदा बदलतो, आणि पगाराचे विचारले की ‘सध्या कंपनी ग्रो होते आहे’ एवढेच म्हणतो. हे ‘ग्रो होणे’ म्हणजे काय, ते कशाच्या बळावर चालते, आणि त्यात कोणाचा वाटा किती, एवढे मला आज मांडायचे आहे. मी शाळेत फार शिकलेलो नाही. मला जे थोडेबहुत अर्थशास्त्र येते ते हजेरीपट आणि पगारपत्रके वाचून आलेले आहे. या धंद्याचे कोडे सोडवायला तेवढे पुरे पडते.

प्रथम धंदा समजून घेऊ. जाहिरातीची कचेरी ही काही आजची वस्तू नव्हे. मुंबईत गिरगावात १९०५ साली निघालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही देशातील जुन्यात जुन्या जाहिरात-संस्थांत गणली जाते. पुढे अनेक दशके या धंद्याचा मूळ व्यवहार दलालीचा होता. कचेरी व्यापाऱ्याची जाहिरात तयार करी आणि वृत्तपत्रात जागा घेई. वृत्तपत्र त्या जागेच्या दरातून शेकडा पंधरा कचेरीला सोडी. मजकूर एकदा लिहिला आणि तो दहा पत्रांत छापून आला, की दलाली दहा ठिकाणांहून येई. म्हणजे श्रम एकपट आणि मिळकत अनेकपट, अशी ती घडी होती.

ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने आपली जाहिरात-विक्री सुरू केली आणि २००२ पासून दर क्लिकमागे लिलावाची पद्धत आणली. २००७ साली फेसबुकने दुकानांना आणि धंद्यांना आपापली पाने उघडून दिली. आता लक्ष्मी रोडवरचा साडीवाला आपल्या गल्ल्यावर बसून, स्वतःच्या फोनवरून, पाचशे रुपयांची जाहिरात घेऊ शकतो. मधल्या दलालाची गरजच उरली नाही. जाहिरातखर्चावर काही टक्के आकारणाऱ्या कचेऱ्या आजही आहेत. परंतु छोट्या कचेरीच्या ग्राहकाचा हा खर्चच लहान असतो. तेव्हा छोटी डिजिटल कचेरी जगते कशावर? ती माणसांचे तास विकते. ग्राहक दरमहा एक ठोक रक्कम देतो, तिला ‘रिटेनर’ म्हणतात, आणि तेवढ्यात कचेरीने त्याची फेसबुक-इन्स्टाग्रामची पाने चालवायची, चित्रे आणि रील करायच्या, जाहिराती लावायच्या आणि महिनाअखेर आकडे दाखवायचे. रक्कम ठोक आणि काम मोकळे, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचे सगळे रामायण यातून निघते.

अशा कचेरीत माणसे किती असतात? आठ, बारा, फार तर वीस. ग्राहकाशी बोलणारा एक, त्याला ‘क्लायंट सर्व्हिसिंग’ म्हणतात. मजकूर लिहिणारे कॉपीरायटर, चित्रे करणारे डिझायनर, रील कापणारा एडिटर, जाहिरातीचे पैसे कुठे किती लावायचे ते पाहणारा एखादा जाणकार, आणि दोन भागीदार मालक, जे बहुधा पूर्वी एखाद्या मोठ्या कचेरीत नोकरीलाच होते.

सकाळी दहाला कामाचा आढावा घेण्याची बैठक होते. मग महिन्याचे ‘कॅलेंडर’: कोणत्या तारखेला कोणती पोस्ट. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, महाराष्ट्र दिन, प्रत्येकाला शुभेच्छेचे एक चित्र, आणि कोपऱ्यात ग्राहकाचे बोधचिन्ह. तुमच्या आमच्या घरी सण त्या दिवशी येतो; या मंडळींचा तो आठ दिवस आधी होऊन गेलेला असतो, आणि सणाच्या दिवशी पोस्ट वेळेवर पडली की नाही हे पाहायला कोणीतरी फोनजवळ बसलेले असते. दुपारी चित्र ग्राहकाकडे जाते. ‘लोगो थोडा मोठा करा,’ असा निरोप येतो. तो मोठा केला की ‘रंग जरा उठावदार हवा’. तो केला की ग्राहकाचे वडील बंधू पाहतात आणि म्हणतात, पहिलेच बरे होते. या फेऱ्यांना तेथे ‘चेंजेस’ म्हणतात.

गिरणीतल्या विणकराचे उक्ते काम मोजता येई, कारण कापडाचा तागा डोळ्यांसमोर असे. इथला तागा किती वेळा उसवून पुन्हा विणावा लागेल हे विणणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि विकणाऱ्यालाही नसते.

आता हिशेबाला बसू. मी एक कल्पित कचेरी घेतो. आकडे सोईसाठी गोल धरले आहेत. दोन मालक आणि दहा कामगार. पगार प्रत्येकी ४०,००० रुपये. आठवड्याला सहा दिवस, रोज आठ तास. म्हणजे महिन्याला माणशी २०८ तास आणि दहा जणांचे मिळून २,०८० तास. त्यांतला तिसरा हिस्सा बैठका, शिकणे आणि नवे ग्राहक मिळवण्यासाठी फुकट करून दाखवायची कामे यांत जातो. विकण्याजोगे उरतात सुमारे १,४००. सात ग्राहक, प्रत्येकाला २०० तास, रिटेनर प्रत्येकी १,२५,००० रुपये. महिन्याची जमा ८,७५,०००. खर्च असा: कामगारांचे पगार ४,००,०००, दोन मालकांचे २,००,०००, भाडे, वीज, यंत्रे आणि सॉफ्टवेअरचे भाडे मिळून १,२५,०००. एकूण ७,२५,०००. शिल्लक दरमहा दीड लाख. कागदावर ही कचेरी भरभराटीत आहे.

पण चेंजेसचे काय? समजा, प्रत्येक ग्राहकामागे ठरल्यापेक्षा ६० तास जास्त लागले. सात ग्राहकांचे ४२० तास झाले. दहा माणसांत वाटले तर माणशी ४२ तास, म्हणजे रोज सुमारे दीड तासाहून थोडे अधिक. यात कोणाला काही विशेष वाटत नाही. ‘थोडे थांबावे लागते’ असे म्हणून सगळे थांबतात. आता या तासांना जादा कामाचा दर लावा. ४०,००० ला २०८ ने भागले की तासाचे सुमारे १९२ रुपये. जादा कामाला दुप्पट दर, म्हणजे सुमारे ३८५ रुपये. ४२० तासांचे झाले १,६१,००० रुपयांहून अधिक. आणि शिल्लक होती दीड लाख!

तात्पर्य, ज्या दीड लाखाला कचेरी आपला नफा समजत होती, तो सबंधच्या सबंध न लिहिलेल्या तासांचा आहे. तास वहीत आले असते तर कचेरी तोट्यात आहे हे पहिल्याच महिन्याला कळले असते. वाढ झाली खरी, पण ती कोणाच्या तरी रात्रीच्या जेवणातून झाली.

येथे मालकाच्या बाजूने एक शंका निघेल, आणि ती रास्त आहे. छोटा मालक काही गिरणीमालक नाही. तोही त्याच टेबलावर बसून त्याच वेळेपर्यंत राबतो. ग्राहक बिल तीन-तीन महिने अडवून ठेवतो, आणि पगार मात्र एक तारखेला द्यावा लागतो. हे सर्व मला मान्य आहे. पण त्याला कायद्याचा आधार आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांच्या कायद्याने खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत घातली. ती चुकली तर बँकदराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. २०२३ च्या वित्त कायद्याने पुढचे पाऊल टाकले: सूक्ष्म आणि लघु उपक्रमाचे बिल मुदतीत न चुकवणाऱ्याला ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आपल्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. एवढे असून मालक मागणी करत नाही; का, तर ग्राहक तुटेल. कामगार जादा तासांचे नाव काढत नाही. का, तर नोकरी जाईल. दोघांची भीती एकाच जातीची आहे. फरक इतकाच, की मालकाच्या भीतीची किंमतही शेवटी कामगारच भरतो.

आता ‘वाढ’ या शब्दाकडे वळू. या धंद्यात वाढीचे तीन निरनिराळे अर्थ एकाच शब्दात कोंबलेले आहेत.

पहिली वाढ कचेरीची. तिची मोठी उदाहरणे सर्वांसमोर आहेत. १९९९ साली निघालेली वेबचटनी ही डिजिटल कचेरी २०१३ मध्ये जपानच्या डेंट्सू या बलाढ्य संस्थेने घेतली. मुंबईत २००७ साली निघालेली वॅटकन्सल्ट २०१५ मध्ये त्याच समूहाकडे गेली. २०२२ साली फ्रान्समधील कान येथील जाहिरात-महोत्सवात डेंट्सूच्या बंगळुरूच्या शाखेला वर्षातील सर्वोत्तम कचेरीचा मान मिळाला. भारताला तो प्रथमच मिळत होता. आपल्या मुलामुलींच्या बुद्धीचा हा मान आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. परंतु कचेरी विकली जाते तेव्हा किंमत भागधारकांना मिळते. ज्याने पहिली पाच वर्षे रात्री जागून ती कचेरी उभी केली, त्याच्या हाती भागाचा कागद नसेल तर अनुभवाचा दाखला उरतो. म्हणून ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ असे कोणी म्हणाले, की कुटुंबाच्या सातबाऱ्यावर आपले नाव आहे का, एवढे शांतपणे विचारावे.

दुसरी वाढ हुद्द्याची. एक्झिक्युटिव्हचा सीनिअर एक्झिक्युटिव्ह होतो, त्याचा मॅनेजर होतो, बारा माणसांच्या कचेरीत चार ‘हेड’ असतात. पदवी देण्यास पैसे पडत नाहीत. पण ती घेण्यास पडू शकतात. कामगार कायद्यांचे संरक्षण व्यवस्थापकाला आणि ठरावीक वेतनावरील पर्यवेक्षकाला मिळत नाही. तेव्हा पगार तोच ठेवून ‘मॅनेजर’ म्हटल्याने माणूस आपण होऊन कायद्याबाहेर गेल्यासारखा वागू लागतो. याबाबत न्यायालयांचे धोरण जुने आणि स्पष्ट आहे: हुद्द्याचे नाव काय यावर ठरत नाही, माणूस दिवसभर प्रत्यक्ष काय करतो यावर ठरते. हे प्रत्येक तरुणाने लक्षात ठेवावे.

तिसरी वाढ विद्येची, आणि हीच खरी. छोट्या कचेरीत एक मुलगी दोन वर्षांत लिहिणे, चित्रण, आकड्यांचा अर्थ लावणे आणि ग्राहकाशी बोलणे हे सारे शिकते. मोठ्या कचेरीत तिला याला दहा वर्षे लागतील. म्हणून मी कोणाला ‘तेथे जाऊ नका’ असे सांगणार नाही. पण ही विद्या परक्याच्या जमिनीवर उभी असते. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आप्तमित्रांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे जाहीर केले आणि दुकानांची फुकटात दिसणारी पाने मागे पडली. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपांवर बंदी घातली. ज्यांचे सारे कसब त्या एका जागी होते त्यांना दुसऱ्या दिवसापासून नवे शिकावे लागले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले, आणि ज्या मजकुराला पूर्वी तास लागे त्याचा कच्चा खर्डा काही मिनिटांत निघू लागला.

आता वाचलेला तास कोणाचा? १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत जो प्रचंड संप झाला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. मालक म्हणत, एका विणकराने दोनऐवजी तीन माग पाहावेत. कामगार विचारत, मग तिसऱ्या मागाचा फायदा कोणाला, आणि ज्याचा माग गेला त्याचे काय? लोअर परळच्या ज्या गिरणी-आवारांत हे प्रश्न विचारले गेले, त्यांतल्या काही आवारांत आज काचेच्या दारांआड जाहिरातीच्या आणि चित्रणाच्या कचेऱ्या बसल्या आहेत. माग गेले, प्रश्न त्याच पत्त्यावर राहिला.

येथे कोणी म्हणेल, कायदा आहे ना! कायदा आहे, पण तो माणसे मोजून लागू होतो. कामगार राज्य विम्याचा आकडा दहा आहे. ग्रॅच्युइटीचा दहा आहे. भविष्यनिर्वाह निधीचा वीस आहे. कामाच्या जागी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली झालेल्या कायद्याप्रमाणे दहा माणसे असतील तर कचेरीतच तक्रार समिती नेमावी लागते. दहाहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते, हे आपल्या मुलींना जरूर सांगा. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा दहा माणसांपासून पूर्णपणे लागू होई. त्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८, जादा कामाला दुप्पट दर, आणि जादा काम तीन महिन्यांत १२५ तासांहून अधिक नाही, अशी मर्यादा होती. ऑक्टोबर २०२५ च्या अध्यादेशाने दहाचे वीस केले, दिवसाचे नऊ तासांचे दहा केले आणि १२५ चे १४४ केले. आपल्या कल्पित कचेरीत माणशी महिना ४२, म्हणजे तिमाहीला १२६ तास जादा पडत होते. जुन्या मापाने ती एका तासाने चुकत होती. नव्या मापाने ती चुकत नाही, आणि बारा माणसांची असल्यामुळे त्या मापातच येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता अमलात आल्या. त्यांत नियुक्तिपत्राचा आग्रह आहे आणि जादा कामाला दुप्पट दराचे तत्त्वही आहे. तेव्हा सगळेच हरवले असे नाही. पण कचेरी एकोणीस माणसांवर का थांबते आणि विसावा माणूस ‘फ्रीलान्सर’ म्हणून का घेतला जातो, हे यावरून तुमच्या ध्यानी येईल.

जादा तासांची ही गोष्ट केवळ पैशाची आहे असे कोणी समजू नये. ज्या डेंट्सूचा उल्लेख मी केला, तिच्या टोकियोच्या कचेरीत इंटरनेट जाहिरातीच्या विभागात काम करणाऱ्या २४ वर्षांच्या मुलीने डिसेंबर २०१५ मध्ये आत्महत्या केली. तिचे जादा काम महिन्याला शंभरावर तास गेले होते. २०१६ मध्ये तेथील श्रम अधिकाऱ्यांनी तो मृत्यू अतिश्रमाचा ठरवला आणि २०१७ मध्ये न्यायालयाने संस्थेला पाच लाख येन दंड केला. एवढ्या मोठ्या संस्थेला तो दंड म्हणजे चहापाण्याचा खर्च. पण जपानात त्यानंतर कायदा बदलला, आणि २०१९ पासून जादा कामाला सामान्यतः महिन्याला ४५ तासांची मर्यादा आली. आपल्या कल्पित कचेरीतले ४२ तास त्या मर्यादेच्या उंबऱ्यावर आहेत.

मग करावे काय? बारा माणसांच्या कचेरीत लाल बावटा लावून दारात बसावे, असे मी सांगणार नाही. तेथे मालक आणि नोकर एकाच डब्यातली भाजी वाटून खातात. पण तीन गोष्टी होण्यासारख्या आहेत.

पहिली, तासांची वही. प्रत्येकाने रोजचे तास ग्राहकवार लिहावेत आणि महिनाअखेर ती वही सर्वांसमोर उघडावी. यात मालकाचेही हित आहे; कोणता ग्राहक परवडतो आणि कोणता खातो हे त्याला तेव्हाच कळते. दुसरी, ग्राहकाशी करारात फेऱ्यांची संख्या लिहावी. दोन वेळा बदल ठरल्या रकमेत, तिसऱ्याला वेगळे बिल. शिंपीसुद्धा सदरा दोनदा सैल करून देतो, तिसऱ्यांदा पैसे मागतो. तिसरी, संघटना, पण ती एका कचेरीची करण्याऐवजी कसबाची करावी. कामगार संघाच्या नोंदणीला त्या आस्थापनेतील वा उद्योगातील कामगारांपैकी शेकडा दहा किंवा शंभर, यांपैकी जो आकडा लहान तो पुरतो; सातांहून कमी मात्र चालत नाही. शहरातले शंभर डिझायनर आणि लेखक एकत्र येणे अशक्य नाही. मुंबईच्या चित्रपटधंद्यात आज या निर्मात्याकडे तर उद्या त्या निर्मात्याकडे काम करणाऱ्यांच्या कसबवार संघटना कित्येक दशके चालत आल्या आहेत.

आणि फ्रीलान्सर? ज्याला एक मालक नाही त्याचे काय? याचे उत्तर आपल्या महाराष्ट्राने १९६९ सालीच दिलेले आहे. माथाडी कामगार सकाळी एका वखारीत, दुपारी दुसऱ्या पेढीवर ओझे वाही. त्याला मालक पुष्कळ, पण जबाबदार कोणीच नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून माथाडी कायदा झाला. मंडळाकडे कामगारांची आणि मालकांची दोघांचीही नोंद, मजुरी मंडळात भरायची, वर ठरावीक लेव्ही द्यायची, आणि तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधपाणी. लॅपटॉप पाठीवर टाकून या कचेरीतून त्या कचेरीत जाणारा मुलगा आणि पोते पाठीवर घेणारा हमाल यांत शिक्षणाचा फरक असेल. नोकरीच्या नात्यात फरक नाही. पोत्याला जो विचार लागू पडला तो लॅपटॉपला का पडू नये, याचे उत्तर कोणी तरी द्यावे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून खटपट केली तेव्हा कोठे १८९० च्या जून महिन्यात मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. ती कोणी दान दिली नव्हती. आधी सात दिवस मोजले, मग एक मागितला. डिजिटल कचेरीतल्या तरुणांनी अजून मोजायलाच सुरुवात केलेली नाही. मागण्याचा विचार नंतर करा. तास मात्र आजपासून लिहा. आणि ज्यांची मुले अशा कामावर आहेत, त्यांनी ‘पगार किती वाढला?’ या प्रश्नाबरोबर ‘तास किती झाले?’ हाही प्रश्न विचारायला लागावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.